स्कूटरचे उत्तरकार्य

मराठी मध्यमवर्गीय कुटुंबात वाहनाच्या आगमनाचे विधी पुरेशा तपशिलाने ठरलेले आहेत. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवावे, हॅण्डलला हार घालावा, पुढच्या पत्र्यावर कुंकवाने स्वस्तिक रेखावे, नारळ शक्यतो गाडीवर न फोडता गाडीसमोर फोडावा आणि ज्या माणसाने गाडी मिळण्याची तारीख तीनदा पुढे ढकलली त्यालाही पेढा द्यावा, हा क्रम घरोघर जवळपास सारखाच आढळतो. पुढे दरवर्षी खंडेनवमीला किंवा दसऱ्याला तीच गाडी धुऊन-पुसून, झेंडूची माळ घालून शस्त्रांच्या पंगतीत पूजेला उभी राहते. मात्र हीच गाडी अपघातात कायमची निकामी झाली तर तिला निरोप कसा द्यावा, याविषयी पंचांग, पुरोहित आणि घरातील वडीलधारे या तिन्ही प्रमाणांनी मौन पाळलेले आहे. नागपूर परिसरात ही उणीव विशेष जाणवते, कारण येथे बैलासाठी पोळा आहे, लाकडी बैलासाठी तान्हा पोळा आहे आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इडापिडेला हद्दपार करण्यासाठी काळी व पिवळी मारबत वाजतगाजत निघते. म्हणजे नकोशा गोष्टीच्या वाट्याला मिरवणूक आणि हव्याशा गोष्टीच्या वाट्याला भंगारवाला, अशी विभागणी येथील संस्कृतीने मुकाट्याने मान्य केलेली दिसते.

तथापि समाज कोणतीही पोकळी फार काळ रिकामी ठेवत नाही. धर्मशास्त्राने सोडलेली ही जागा विमा कंपनी, प्रादेशिक परिवहन कार्यालय आणि भंगाराचा काटा या तीन संस्थांनी मिळून भरून काढली असून त्यांच्या कागदोपत्री व्यवहाराला स्कूटरचे उत्तरकार्य असे म्हणता येईल, हे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन आहे. अभ्यासक्षेत्र म्हणून नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वर हे तालुक्याचे गाव निवडले आहे आणि त्याला कारणही तसेच आहे.

कळमेश्वर नागपूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. हे अंतर सायकलसाठी जास्त, मोटारीसाठी खर्चिक आणि स्कूटरसाठी जणू मोजून ठरवल्यासारखे आहे. गावाला नागपूर-इटारसी मार्गावरील रेल्वेस्थानक आहे. पण रेल्वे तिच्या वेळेला येते आणि माणसाला त्याच्या वेळेला जायचे असते, त्यामुळे दोघांची गाठ पडणे हा योगायोगाचा भाग राहतो. साहजिकच औद्योगिक वसाहतीतील पाळी, फेटरी आणि गोरेवाड्यावरून नागपूरला जाऊन करायची कोर्टकचेरी, अंगारकीला अदाशाच्या गणपतीचे दर्शन, आषाढात विदर्भाची पंढरी मानल्या जाणाऱ्या धापेवाड्याची यात्रा आणि संत्र्याच्या हंगामात बागेपासून बाजारापर्यंत वाहायचे क्रेट ही सर्व कामे स्कूटरकडे आली. पुढे उभे राहिलेले एक मूल, त्यामागे वडील, त्यांच्यामागे दुसरे मूल, सर्वांत मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली आई आणि पायदानावर गॅसचे सिलिंडर किंवा गव्हाचे पोते, अशी जी रचना गेल्या पिढीत सर्रास दिसे, तिला वाहतूकशास्त्रात नियमभंग आणि समाजशास्त्रात कुटुंब म्हणतात.

या स्कूटरची वंशावळ पाहिल्याशिवाय तिच्या जाण्याचे दुःख नीट कळत नाही. मूळ पुरुष म्हणजे इटलीतील पियाजिओ कंपनीची १९४६ सालची व्हेस्पा. तिची रचना करणारे कोराडिनो दास्कानिओ हे विमानांचे अभियंते होते आणि त्यांना मोटारसायकल मुळीच आवडत नसे. म्हणून त्यांनी इंजिन पत्र्याखाली झाकले, पायांपुढे संरक्षक पत्रा उभा केला आणि टांग न टाकता बसता येईल अशी मोकळी जागा मध्ये ठेवली. त्यांच्या डोळ्यांसमोर कपडे न मळता कामावर जाणारा इटालियन नागरिक होता. पण त्या सोयीचा खरा लाभ नऊवारी आणि सहावारी नेसणाऱ्या मंडळींनी घेतला. भारतात बजाज कंपनीने १९६० च्या सुमारास पियाजिओच्या परवान्यावर पुण्याजवळ आकुर्डीला या स्कूटर बनवायला घेतल्या. तो परवाना १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये त्याच घाटाची, पण देशी नावाची ‘चेतक’ अवतरली.

येथे विदर्भाच्या दृष्टीने एक नाजूक मुद्दा उपस्थित होतो. हा उद्योग ज्या घराण्याचा, त्यातले जमनालाल बजाज वर्ध्याचे. १९४५ साली स्थापन झालेल्या मूळ कंपनीचे ‘बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ हे नावही त्यांना दत्तक घेणाऱ्या वर्ध्याच्या शेठ बछराज यांच्या घराण्याचे. असे असूनही कारखाना निघाला आकुर्डीला. प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करणाऱ्या दांडेकर समितीने १९८४ साली सिंचन, रस्ते, वीज अशा क्षेत्रांतला अनुशेष, म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा एखादा भाग किती मागे राहिला त्याचा हिशेब, तपशीलवार मांडला. परंतु आडनाव वर्ध्याचे आणि रोजगार पुण्याचा, हा स्कूटरचा अनुशेष त्यात आलेला नाही. कळमेश्वरचा स्कूटरमालक मात्र तो विसरलेला नाही. गाडीची किक सात-आठदा मारूनही इंजिन जागे झाले नाही, की या अनुशेषाचा उच्चार ठरलेला असतो.

किक लागत नसताना स्कूटर एका कुशीवर आडवी करून पुन्हा उभी करण्याचा जो सार्वत्रिक प्रघात होता, त्यामागे पेट्रोल कार्बोरेटरकडे उतरावे असा सरळ हेतू असे. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारा भाग. आणि टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये ऑइलही मिसळावे लागत असल्याने प्लगवर काजळी धरणे हा त्या गाडीचा कायमचा आजार होता. खिशात रुमालाबरोबर जुना प्लग आणि पॉलिश पेपरचा तुकडा बाळगणारी एक पिढी महाराष्ट्रात होऊन गेली. २००१ साली आलेल्या ॲक्टिव्हासारख्या बिनगिअरच्या गाड्यांनी ही सेवा-शुश्रूषा संपवली; बटण दाबले की त्या सुरू होत. सोय झाली, पण आजाऱ्याची उशी-पांघरुणे करताना जो जिव्हाळा जडतो, तो बटण दाबून जडायला थोडा जास्त काळ लागतो, एवढे निरीक्षण येथे नोंदवून ठेवणे पुरेसे आहे.

आता प्रत्यक्ष अपघाताकडे वळता येईल. प्रस्तुत विवेचनात चालक हेल्मेटसह घराबाहेर पडला होता आणि थोडक्या खरचटण्यावर सुटला, असे गृहीत धरले आहे; कारण तसे नसेल तर स्कूटरविषयी कोणी बोलत नाही आणि बोलूही नये. लोकव्यवहारात अपघाताचे तीन प्रकार मानले जातात. मागून आलेले वाहन अंगाला घासून पुढे आडवे घुसले तर त्याने ‘कट मारला’. प्रत्यक्ष धडक दिली तर ‘डॅश मारला’. आणि रस्त्यावर पसरलेल्या गिट्टीने, म्हणजे खडीने, गाडी घसरली तर ती ‘स्लिप झाली’. पहिल्या दोन प्रकारांत कर्ता दुसरा असतो आणि तिसऱ्यात गाडी स्वतः; चालक कर्तरी प्रयोगात कोठेही सापडत नाही. संत्र्याच्या पट्ट्यात चौथा प्रकार आढळतो, तो म्हणजे रोही, अर्थात नीलगाय, आडवी येणे. या प्राण्याकडे परवाना नसतो, विमा नसतो आणि घटनास्थळी थांबण्याची नैतिक जबाबदारीही तो मानत नाही. शिवाय चेतक जातीच्या स्कूटरचे चाक जेमतेम दहा इंची रिमचे आणि इंजिनाचे वजन एका बाजूला असल्यामुळे, मोटारसायकलचे चाक ज्या खड्ड्यावरून निभावून जाते, त्या खड्ड्यात स्कूटर सविस्तर उतरते, हेही कारणमीमांसेत धरावे लागते.

अपघातानंतर पहिला विधी पंचनाम्याचा. पंचनामा म्हणजे घटनास्थळाचे पंचांसमक्ष केलेले लेखी वर्णन. ज्या पत्र्यावर पंधरा वर्षे दर रविवारी फडके फिरले, त्याचे वर्णन ‘समोरील भाग दबलेला, हॅण्डल डावीकडे वाकलेले, अंदाजे नुकसान’ अशा कोरड्या ओळीत झालेले पाहून मालकाला पहिला धक्का बसतो. दुसरा विधी समाचाराला येणाऱ्यांचा. तालुक्याच्या गावी ही मंडळी बोलावणे नसताना येतात, चहा घेतात आणि ठरलेल्या क्रमाने तीन गोष्टी विचारतात: कोठे झाले, कसे झाले आणि ‘इतक्या रातच्यानं काऊन गेलता भाऊ?’ मग सांत्वन सुरू होते. ‘गाडीचं काय घेऊन बसला, गाडी वापस येते, माणूस येत नाही,’ हे वाक्य प्रत्येक जण स्वतःला नुकतेच सुचल्याप्रमाणे उच्चारतो. आणि जिवावरचे शेपटावर निभावले, हा निष्कर्ष सर्वानुमते मंजूर होतो. ते शेपूट अंगणात तिरक्या मानेने उभे असते आणि त्याच्याशी मात्र कोणी बोलत नाही.

समाचाराच्या या बैठकांत स्कूटरचे जे गुणवर्णन होते, त्याचा स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा. हयातीत लिटरला चाळीस किलोमीटरचे ॲव्हरेज देणारी गाडी पहिल्या दिवशी पंचेचाळिसाचे आणि आठवड्याअखेर पंचावन्नाचे देऊ लागते. कोंढाळीच्या पुढे पावसात बंद पडून जिला चार जणांनी ढकलले होते, तिने ‘कधी रस्त्यात सोडलं नाही’ असे निक्षून सांगितले जाते, आणि ढकलणाऱ्या चौघांपैकी दोघे मान डोलावतात. गेलेल्याविषयी चांगलेच बोलावे हा संकेत यंत्रांनाही लागू होतो, हे यावरून सिद्ध होते.

तिसरा विधी निदानाचा असून त्याचे अधिकार मिस्त्रीकडे असतात. मिस्त्री प्रथम काही बोलत नाही. तो उकिडवा बसतो, हॅण्डल आणि चाक एका रेषेत आहेत का ते एक डोळा मिटून पाहतो आणि मग ‘चेसिस गेली’ असे दोनच शब्द सांगतो. मोटारसायकलला नळ्यांचा सांगाडा असतो. चेतकला वेगळा सांगाडा नसून दाबून आकार दिलेला पत्राच तिचा कणा असतो. त्यामुळे बाहेरून पोचा दिसतो तो केवळ पोचा नसतो आणि डेंटिंग-पेंटिंगने रूप परत आले तरी चाल परत येत नाही. हे सर्व मालकाला समजते. तरीही तो, ‘पण होऊन जाईल ना?’ असे विचारतो, आणि मिस्त्री, ‘करून देतो, पण मग मले बोलजो नका,’ असे उत्तर देऊन स्वतःला सर्व भावी दायित्वांतून मोकळे करतो.

विमा काढलेला असेल तर यानंतर सर्वेक्षक येतो. सर्वेक्षक म्हणजे नुकसानीचे मूल्य ठरवणारा परवानाधारक तज्ज्ञ. त्याच्या हाती कॅमेरा आणि मनात घसाऱ्याचा तक्ता असतो. घसारा म्हणजे काळानुसार वस्तूच्या किमतीतून वजा होत जाणारी रक्कम. नेहमीच्या तक्त्यानुसार गाडी पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षाअखेर १५ टक्के आणि पाचवे वर्ष भरताना ५० टक्के मूल्य गमावते; त्यापुढचे मूल्य विमादार आणि कंपनी यांनी परस्परांच्या संमतीने ठरवायचे असते. दुरुस्तीतही रबर, नायलॉन व प्लॅस्टिकच्या सुट्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, काचेवर मात्र मुळीच नाही. म्हणजे आरसा पूर्ण किमतीचा आणि त्यात दिसणारे बाकी सगळे निम्म्या किमतीचे. दुरुस्तीचा खर्च विमामूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला तर गाडी ‘टोटल लॉस’, अर्थात संपूर्ण हानी, मानली जाते. तिचे दिवे लागत असतील, हॉर्न वाजत असेल आणि ती स्टॅण्डवर स्वतःच्या बळावर उभी असेल, तरी गणिताने ती गेलेली असते. कुटुंबाला वैद्यकीय दृष्ट्या जिवंत आणि हिशेबाने मृत ही अवस्था पचायला जड जाते, आणि घरातील एक तरी सदस्य हॉर्न दाबून सर्वेक्षकाला खोटे पाडू पाहतो.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत हा प्रसंगही बहुधा येत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा आहे, स्वतःच्या गाडीचा नाही. आणि वर्षानुवर्षे ‘पोलिसाला दाखवायपुरता’ काढलेला कागद हा पहिल्या प्रकारचा होता, हे कळण्याची जागा म्हणजे अपघातानंतरचे विमा कार्यालय. आपल्या गाडीने दुसऱ्याचे काही मोडले असते तर त्याला पैसे मिळाले असते, पण आपलीच गाडी मोडल्यामुळे काही मिळणार नाही, हा निर्णय ऐकून मालक क्षणभर त्या रोहीच्या पत्त्याचा विचार करतो.

आता चौथा आणि सर्वांत अवघड टप्पा, म्हणजे गाडी घरातून जाणे. मध्यमवर्गीय घरात ‘राहू दे सध्या’ हा ठराव एकमताने संमत होतो आणि स्कूटर ताडपत्रीखाली सरकते. तेथे तिच्यावर आधी कोंबड्या, मग वाळवणाचे डबे आणि शेवटी मुलांच्या जुन्या सायकली येतात. याच काळात अवयवदानही घडते: एक ओळखीचा कार्बोरेटर मागतो, दुसरा स्टेपनी नेतो, मिस्त्री मॅग्नेट कॉइल ‘पाहायला’ नेतो आणि तो पाहतच राहतो. गावातल्या तीन-चार स्कूटरींत विभागून ती काही वर्षे चालत राहते, असे म्हटले तर ते यंत्रशास्त्राला धरूनच आहे.

कायद्याला मात्र ताडपत्री मान्य नाही. याच अधिनियमाच्या कलम ५५ नुसार वाहन नष्ट झाले किंवा कायमचे निकामी झाले, तर मालकाने चौदा दिवसांच्या आत, अथवा शक्य तितक्या लवकर, नोंदणी प्राधिकाऱ्याला तसे कळवून नोंदणीपुस्तक जमा करावयाचे असते. माणसाचे तेरावे होते. स्कूटरसाठी शासनाने चौदावा दिवस नेमून एक दिवसाची सवलत दिली आहे, आणि शिवाय ‘शक्य तितक्या लवकर’ या शब्दांत भारतीय स्वभावाची जाणही दाखवली आहे. पुढील कर्मकांड जवळपास पारंपरिकच आहे. बँकेचा बोजा असेल तर तो फेडून ना-हरकत आणावी लागते, थकलेली चलाने भरावी लागतात, म्हणजे ऋणमुक्तीखेरीज सुटका नाही. आणि चेसिसचा क्रमांक कोरलेला पत्र्याचा तुकडा बहुधा कापून सादर करावा लागतो, जो संगमावर न जाता फायलीत जातो. भटजीऐवजी एजंट असतो. दक्षिणेची रक्कम आधी सांगत नाही, हे साम्यही लक्षात घेण्याजोगे आहे.

या क्षेत्रात कळमेश्वर तालुक्याचे राष्ट्रीय योगदान आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांचे मूळ गाव धापेवाडा. आणि जुनी वाहने शास्त्रशुद्ध रीतीने मोडीत काढण्याचे धोरण त्यांनीच मार्च २०२१ मध्ये संसदेत मांडले, ज्याचा प्रारंभ त्याच वर्षी १३ ऑगस्टला झाला. या धोरणानुसार गाडी नोंदणीकृत मोडणी केंद्राला दिली की ‘ठेव प्रमाणपत्र’ मिळते आणि ते दाखवल्यास नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद राज्यांसाठी करण्यात आली. गेलेल्याचे पुण्य मागे राहणाऱ्याच्या उपयोगी पडते, या श्रद्धेला प्रथमच टक्केवारीत मांडण्याचा मान अशा रीतीने चंद्रभागेकाठच्या या गावाच्या सुपुत्राकडे जातो.

अर्थात बहुतेक स्कूटरी केंद्रापर्यंत न पोहोचता काट्यावर जातात. शंभर किलोच्या आसपासची ती काया तराजूवर चढते तेव्हा भाव लोखंडाचा लागतो. हॉर्नचा आवाज, पहिली खरेदी आणि डिकीत सापडलेली १९९६ सालची पावती यांचे वजन धरले जात नाही. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत जेएसडब्ल्यू समूहाचा कारखाना पोलादी पत्र्यावर जस्ताचा आणि रंगाचा थर चढवतो; पण तेथे नवा पत्रा लागतो, त्यामुळे गावच्या गाडीला गावातच पुनर्जन्म नाही. भंगार वितळवून सळया करणारा मोठा उद्योग जालन्याला आहे. तेव्हा कोणाच्या तरी स्लॅबमध्ये ती स्कूटर सळईच्या रूपाने निश्चल उभी असण्याची शक्यता नाकारता येत नाही, आणि त्या घराच्या पोर्चमध्ये तिचीच पुतणी उभी असू शकते.

ज्याच्यावरून चेतकला नाव मिळाले, त्या महाराणा प्रतापांच्या घोड्याची गोष्ट येथे तुलनेसाठी घेणे भाग आहे. १५७६ च्या हळदीघाटच्या लढाईत पायाला जखम झालेली असताना त्याने धन्याला सुरक्षित बाहेर काढले आणि मग प्राण सोडला, अशी आख्यायिका असून त्या परिसरात त्याचे स्मारक आहे. कळमेश्वरच्या चेतकनेही धन्याला खरचटण्यावर सोडून स्वतःचा फोर्क वाकवून घेतला. पराक्रम तोच, पण एकाला समाधी आणि दुसऱ्याला किलोमागे भाव. शोक मात्र दोन्हीकडे झाला. बजाज कंपनीने २००९ साली स्कूटरचा व्यवसाय थांबवत असल्याचे जाहीर केले, तेव्हा अध्यक्ष राहुल बजाज यांनी मुलाच्या त्या निर्णयाने आपल्याला वाईट वाटल्याचे जाहीरपणे बोलून दाखवले होते. ज्यांनी लाखोंनी स्कूटरी विकल्या त्यांची ही अवस्था, तर ज्याने एकच घेतली आणि तीही हप्त्यांवर, त्या घराने हॉर्न दाबून पाहिला यात नवल नाही. पुढे २०२० साली चेतक विजेवर परत आली. तिला किक नाही, प्लग नाही आणि कुशीवर आडवे करण्याचे काही प्रयोजनही नाही, याबद्दल जुन्या मंडळींचा तिच्यावर अजून राग आहे.

या सर्व विवेचनातून निष्कर्ष असा की, स्कूटरसाठी स्वतंत्र धार्मिक विधी निर्माण करण्याची आवश्यकता नाही. विधींचे काम दुःखी माणसाला तेरा दिवस इतके गुंतवून ठेवण्याचे असते, की त्याला दुःख करायला सवड मिळू नये. आणि हे काम शासकीय यंत्रणा तेरा दिवसच नव्हे तर सहज तेरा महिने करू शकते. पहिल्या खेपेला मालक कार्यालयात हळवा होऊन जातो, दुसऱ्या खेपेला साहेब दौऱ्यावर असतात, तिसऱ्या खेपेला झेरॉक्स चुकीच्या बाजूची निघते, आणि चौथ्या खेपेपर्यंत स्कूटरचा विषय मागे पडून खिडकीपलीकडच्या माणसाचा विषय सुरू झालेला असतो. शोकाचे तक्रारीत रूपांतर झाले की माणूस बरा होतो. आणि विदर्भातला माणूस तक्रार तर विदर्भाला महाराष्ट्रात सामील करण्यासाठी झालेल्या नागपूर करारापासून, म्हणजे १९५३ पासून, कोणत्याही दुरुस्तीशिवाय चालवतो आहे.